भोजनकारभाऱ्याची जीभ

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाचे छप्पर गळू लागले, आणि त्या गळतीबरोबर एक नैतिक प्रश्नही आमच्या मेजावर येऊन पडला. छपराच्या दुरुस्तीसाठी पैसा कसा उभारावा, याविषयी धर्मग्राम परिषदेपुढे नाना सूचना आल्या. हाऊजी आली, खाद्यमेळा आला, गायनाच्या कार्यक्रमाची तिकिटे आली. सरतेशेवटी एक तरुण उठला. काही वर्षे परदेशी नोकरी करून अंधेरीस परतलेला, रविवारी नेमाने मिस्सेला येणारा आणि वाचनपीठावरून स्वच्छ मराठीत पत्रवाचन करणारा हा मुलगा. त्याने सुचविले की, एका शनिवारी सायंकाळी सभागृहात निरनिराळ्या प्रांतांतील सिंगल माल्ट व्हिस्कींची चव घेऊन त्यांची तुलना करण्याची बैठक भरवावी, प्रवेशमूल्य भरपूर ठेवावे आणि उरलेली रक्कम छपरास द्यावी.

परिषद हसली, पण हसणे ओसरल्यावर तिचे सरळ दोन तट पडले. एका ज्येष्ठ सभासदाने आठवण दिली की, ज्या सभागृहात दर गुरुवारी अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मंडळी वर्तुळ करून बसतात, तेच हे सभागृह. दुसऱ्याने विचारले, "आपल्या ईस्ट इंडियन लग्नात खिमाड चालते, बारशाला चालते, तेव्हा कुणाचा धर्म बुडत नाही, मग हे साहेबी असल्यामुळे बुडतो काय?" आम्ही निर्णय पुढे ढकलला. तो तरुण पायऱ्यांपर्यंत आमच्याबरोबर आला. म्हणाला, "फादर, नाही म्हणण्याआधी एकदा घरी येऊन तरी बघा. हे दारू पिणं नाही, हा अभ्यास आहे."

आम्ही गेलो. निंदा करावयाची असल्यास ती पाहून करावी, असे सेमिनरीतील आमचे नीतिशास्त्राचे गुरुजी म्हणत असत.

मेजावर पांढरे कापड होते. प्रत्येकापुढे कळीच्या आकाराचे, तोंडाशी निमुळते सहा लहान पेले, पाण्याची सुरई, साधा पाव आणि एक वही. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. नाव दिसले की जीभ खोटे बोलू लागते, असे यजमानाचे म्हणणे. प्रत्येक पेल्यात पंधरा मिलिलिटर. आधी रंग पाहायचा, मग तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यायचा, मग एक घोट जिभेवर फिरवायचा, मग पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा वास घ्यायचा. बोलणे हळू. एरवी आमच्या घरगुती समारंभांत पहिल्या अर्ध्या तासात जेवढा गोंगाट होतो तेवढा तिथे साऱ्या सायंकाळी झाला नाही. खरे सांगायचे तर ती शिस्त पाहून आम्हांस थोडा हेवाच वाटला. मिस्सेच्या वेळी एवढे एकाग्र चेहरे आम्हांस क्वचितच दिसतात.

सहा पेल्यांचा क्रम त्याने विचारपूर्वक लावला होता. स्कॉटलंडच्या कायद्याने 2009 सालच्या नियमांत व्हिस्कीचे पाच प्रदेश मानले आहेत: लोलँड, हायलँड, स्पेसाइड, कॅम्पबेल्टाउन आणि आयला बेट. सिंगल माल्ट म्हणजे केवळ मोड आणलेल्या जवापासून, एकाच भट्टीत, तांब्याच्या हंड्यांतून गाळलेली आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली व्हिस्की. पहिला पेला लोलँडच्या ऑखेनटोशनचा. तिथे ती तीनदा गाळतात, म्हणून अंगाने हलकी. दुसरा ग्लेनमोरँजीचा, तिथले हंडे स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच, त्या उंच मानेवरून हलकी वाफच तेवढी पलीकडे जाते. तिसरा स्पेसाइडच्या ग्लेनलिव्हेटचा. 1824 साली त्या चोरट्या भट्ट्यांच्या खोऱ्यात सरकारी परवाना काढणारा तिचा मालक शेजाऱ्यांच्या रोषाला इतका पात्र झाला की, म्हणे, पिस्तुले बाळगून हिंडे. चौथा कॅम्पबेल्टाउनच्या स्प्रिंगबँकचा. सहावा आयलाच्या लाफ्रॉयगचा. तिथे ओले जव दलदलीतल्या पीट नावाच्या मातीच्या धुरावर वाळवितात आणि तो धूर शेवटपर्यंत व्हिस्कीत राहतो. मंडळींत एक परिचारिका होत्या. त्यांनी सहावा पेला हुंगला आणि म्हणाल्या, "अहो, हे तर आमच्या ड्रेसिंग रूमचं टिंक्चर आयोडीन!" अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा हीच व्हिस्की औषध म्हणून आत येऊ शकली, असे सांगतात. आम्हांस मौज वाटली ती यासाठी की, आमच्या महाराष्ट्रातही 1949 सालचा दारूबंदी कायदा नाव बदलून आजही उभा आहे आणि आपल्याकडील पिणाऱ्याचा परवाना देखील आरोग्यरक्षणाच्याच नावाने निघतो.

पाचव्या पेल्याविषयी मात्र वाद झाला. मध, सुकामेवा, थोडा मसाला. एकाने वहीत 'स्पेसाइड, जुनी' असे लिहिले, दुसऱ्याने हायलँड म्हटले. कागद सोडला तेव्हा बाटली गोव्याची निघाली: कुंकळ्ळीच्या भट्टीतली पॉल जॉन. टेबलावर क्षणभर शांतता पसरली आणि मग सर्वांनी एकदम टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांत चवीचे कौतुक किती आणि स्वदेशाचा अभिमान किती, हे आम्हांस सांगता येणार नाही.

यजमानाने उलगडा केला. पिंपात मुरताना दारूचा काही अंश लाकडातून उडून जातो. त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला सुमारे दोन टक्के, तर बंगळूर किंवा गोव्याच्या उष्म्यात त्याच्या चौपट-पाचपट. त्याच उष्म्यामुळे दारू लाकडाचा रस भराभर पिते आणि इथली पाच-सहा वर्षांची व्हिस्की तिकडच्या कितीतरी जुन्या व्हिस्कीशी खांदा लावते. बंगळूरच्या अमृत कंपनीने 2004 साली आपली सिंगल माल्ट प्रथम विकावयास काढली तीदेखील ग्लासगो शहरात, म्हणजे अगदी सिंहाच्या गुहेत. या हिशेबाने आमच्या कोकणपट्टीवरचे देवदूत तिकडल्यांहून जरा अधिकच तहानलेले दिसतात! असो.

हे सर्व ऐकत असता आमचे लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेले. यजमानाची आई तिथे उभी होती. ती बैठकीत आली नव्हती. पाव कापून दिला, कटलेट तळून दिले आणि दारातच थांबली. आम्ही पाण्याचा पेला घेण्याच्या निमित्ताने उठलो. तिने हळूच विचारले, "फादर, मला एक सांगा. वास घेऊन पितात ती व्हिस्की, आणि वास न घेता पितात ती दारू. एवढाच फरक ना?" आम्ही काही बोलणार तोच ती म्हणाली, "माझ्या भावालासुद्धा चव कळायची. सुरुवातीला."

तिच्या भावाचा अंत्यविधी आम्हीच केला होता. वय एक्केचाळीस.

तिच्या प्रश्नाला उत्तर आम्ही त्या रात्री दिले नाही, कारण ते आमच्याजवळ नव्हते. पुढील काही आठवडे त्यावर जे चिंतन झाले, ते या पृष्ठांतून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, आमच्या ख्रिस्तसभेला या प्रश्नात सोवळेपणाचा आव आणता येत नाही. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीचा पहिला लेखी उल्लेख 1494-95 च्या राजकोशाच्या हिशेबात सापडतो आणि तो एका धर्मबंधूच्या नावे आहे: राजाच्या आज्ञेवरून फ्रायर जॉन कॉर यांस 'जीवनजल' गाळण्यासाठी माल्टचे आठ बोल दिल्याची ती नोंद. बोल हे धान्याचे तिकडचे जुने माप. व्हिस्की हा शब्दच मुळी गेलिक भाषेतील 'जीवनाचे पाणी' या अर्थाच्या शब्दापासून आला. फ्रान्समधील कार्थुसियन मठवासी शंभरावर वनस्पतींचा अर्क घालून शार्त्रूझ नावाचे मद्य करतात. कृती मोजक्या दोघा-तिघांनाच ठाऊक असते. बेल्जियमचे ट्रॅपिस्ट साधू बिअर गाळतात. आणि आम्ही स्वतः? दररोज सकाळी वेदीवर द्राक्षारस घेतो. तो द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न नासलेला असावा, एवढाच सभेचा कायदा आहे. त्याची चव कशी असावी याविषयी कायदा मौन पाळतो. तीस वर्षांच्या आमच्या पौरोहित्यात मिस्सेनंतर आजचा द्राक्षारस कालच्यापेक्षा बरा होता, असे आम्ही कुणाजवळ म्हटल्याचे आठवत नाही. वेदीवर तुलना सुचतच नाही. हा मुद्दा आम्हांस पुढे उपयोगी पडणार आहे.

संत बेनेडिक्टने आपल्या नियमग्रंथात मठवाशास दिवसाला द्राक्षारसाचे एक माप ठरवून दिले. पण दुसऱ्यासाठी माप ठरविताना मनाला चुटपुट लागते, हेही प्रांजळपणे लिहून ठेवले. साधूंनी द्राक्षारस घेऊच नये हे खरे, पण आमच्या काळच्या साधूंना ते पटवून देता येत नाही, तर निदान थोडका तरी घ्यावा, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे. ही सहाव्या शतकातील गोष्ट. आमच्या धर्मग्राम परिषदेची सभा तेव्हाही अशीच चालत असावी.

आता संत थॉमस अक्वायनस. मद्यपानाचा विषय निघाला की आपण प्रमाणाचा विचार करतो: किती प्याला? पण अक्वायनस खादाडपणाच्या पापाचा विचार करताना थोर संत ग्रेगरीच्या आधाराने त्याचे पाच प्रकार सांगतो. वेळेआधी खाणे, महागडे खाणे, फार खाणे, हावरेपणाने खाणे. आणि पाचवा, अति चोखंदळपणे, फाजील काळजीने रांधलेले खाणे. या पाचांत केवळ एक प्रमाणाचा आहे! म्हणजे अगदी थोडे खाऊनही मनुष्य खादाड असू शकतो. चहा असाच हवा, टोस्ट एवढाच भाजलेला हवा, असे म्हणत साऱ्या घराला धारेवर धरणारी कृश वृद्धा ही देखील आपल्या पोटाचीच गुलाम असते, हे सी. एस. लुइस या इंग्रज लेखकाने 1942 साली एका जुन्या सैतानाच्या पत्रांतून फार मार्मिकपणे दाखविले. ही पत्रे आम्ही सेमिनरीत वाचली तेव्हा हसलो होतो. आता स्वतःच्या चहाकडे पाहून हसू येत नाही.

मग पांढऱ्या कापडावरचे ते सहा पेले या पाचव्या कलमाखाली येतात काय? आमचा पहिला कल होय म्हणण्याकडे होता. पण अक्वायनसच दुसरी बाजू मांडतो. संयमाच्या एका टोकाला असंयम आहे, हे सर्वांना ठाऊक. दुसऱ्या टोकालाही एक दोष आहे असे तो म्हणतो आणि त्यास इंद्रियांचा बधिरपणा म्हणतो. निसर्गाने अन्नपाण्याशी जो आनंद जोडून दिला, तो अकारण झिडकारणे हाही दोषच. अर्थात प्रायश्चित्तासाठी, कार्यासाठी किंवा आरोग्यासाठी सोडणे वेगळे. परमेश्वराने जवात, पाण्यात, धुरात आणि लाकडात जे ठेवले, ते सावकाश, लक्ष देऊन, ओळखून घेणे, यात सृष्टीविषयीचा एक प्रकारचा आदर आहे. आणि निरीक्षणाने नम्रताही येते: पाचव्या पेल्याने त्या रात्री साऱ्या जाणकारांची वही खोटी ठरविली. प्रदेशाचे म्हणून जे गुण सांगितले जातात तेही तेवढे पक्के नाहीत. आयला म्हणजे धूर, असे म्हणावे तर त्याच बेटावरची बुनाहावनची भट्टी बहुतांशी धुराविना माल्ट करते. हंड्याची मान, पिंपाचे लाकूड, त्यात पूर्वी शेरी होती की अमेरिकन बर्बन, यांवर पुष्कळ काही अवलंबून. माणसांच्या बाबतीत आपण वसईकर असा, गोवेकर तसा, मंगळूरकर अमका, असे जे ठोकून देतो, त्याचीच ही बाटलीतली आवृत्ती.

तेव्हा लक्ष देणे हा दोष नव्हे. दोष असलाच तर पुढच्या पायरीवर असावा. संत ऑगस्टिन आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात एक सूक्ष्म तक्रार करतो: शरीराला लागते म्हणून आपण खातो-पितो, पण गरजेपासून तृप्तीकडे जाताना वाटेत सुख दबा धरून बसलेले असते, आणि गरज कुठे संपली, सुख कुठे सुरू झाले, हे मनाला कळत नाही, नव्हे ते न कळलेलेच मनाला बरे वाटते. 'हा अभ्यास आहे' हे वाक्य आम्हांस नेमके त्या धूसर जागी उभे असलेले दिसले. कारण आम्ही घरी येऊन साधा हिशेब मांडला. पंधरा मिलिलिटरचे सहा पेले म्हणजे नव्वद मिलिलिटर. मुंबईच्या भाषेत तीन लहान पेग. स्प्रिंगबँक आणि पॉल जॉन या दोन्ही शेकडा 46 भाग मद्यार्काच्या. अभ्यास खरा, पण यकृताला वही वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये जाहीर केले की, मद्याचे आरोग्यास निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असे सांगणाऱ्या संत पौलाचा सल्ला आजच्या वैद्यांना मान्य होईलसे दिसत नाही. आम्ही मात्र सबंध प्रश्न आरोग्यावर सोपविणार नाही. आरोग्यास अपायकारक अशा पुष्कळ गोष्टी मनुष्य सद्भावाने करतो. अंधेरी स्थानकातून सकाळी आठला लोकल पकडणे ही त्यांतलीच एक.

आता ज्या भूमीवर ते पांढरे कापड अंथरले होते तिच्याविषयी. आमचे साष्टी बेट, म्हणजे आजची अंधेरी, मालाड, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे, एके काळी ताडामाडाची आणि भातशेतीची गावे. मरोळ, कोंडिविटे, आंबोली, गोराई, मनोरी येथील ख्रिस्ती कुटुंबांना ताडी आणि मोहाची दारू परकी नव्हती. बारशाला आणि लग्नाला मसाल्याची गरम खिमाड फिरे आणि उंबराचे पाणी आणायला विहिरीवर जाताना वाजंत्री वाजे. इंग्रज सरकारने अबकारीच्या उत्पन्नासाठी गावठी गाळपावर टाच आणली. 1892 च्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने घातली. स्वातंत्र्यानंतर संपूर्ण दारूबंदी आली. चर्चमधील पवित्र विधीच्या द्राक्षारसाला तिने सूट दिली, पण गाळप काही थांबले नाही; ते खाडीकाठच्या तिवरांत शिरले. मुंबईच्या अनेक वस्त्यांत घरगुती गुत्ते निघाले आणि त्यांतले काही आमच्या माणसांनी चालविले, हे नाकारण्यात अर्थ नाही. हिंदी चित्रपटांनी त्यावरून ख्रिस्ती मनुष्य म्हणजे हातात बाटली, असे जे चित्र वर्षानुवर्षे रंगविले त्याचा आम्हांस राग येतो. तो राग रास्तच आहे. परंतु त्यातले काही गुत्ते नवरा दारूत गेलेल्या विधवांनी पोरांच्या शाळेच्या फीसाठी चालविले, ही गोष्ट ना चित्रपटाने सांगितली ना आम्ही.

आणि हा जुना इतिहास नव्हे. 2004 साली विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे मेली. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. मेली ती मजूर, रिक्षावाले, सफाई कामगार अशी हातावर पोट असलेली माणसे. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉलचे वैशिष्ट्य असे की, पिणाऱ्याच्या नाकाजिभेला ते ओळखू येत नाही. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते प्रथम डोळे घेते, मग प्राण. निमुळत्या पेल्यात नाक घालून पीट आणि व्हॅनिला वेगळे काढणारा जाणकारही तिथे फसला असता. त्याला वाचविते ती त्याची जीभ नव्हे, बाटलीचे सीलबंद बूच. मालवणीच्या त्या माणसाला बूच परवडले नाही, एवढाच काय तो दोघांतला फरक. स्वयंपाकघराच्या दारातून विचारलेला प्रश्न आम्हांस इथे पुन्हा ऐकू येतो आणि त्याची धार वाढलेली असते.

या सर्व विचारांत आम्ही पुनःपुन्हा एका उताऱ्याकडे वळत होतो. गालीलातील काना गावचे लग्न. बहुतेक प्रवचनांत आम्ही मरियेच्या मध्यस्थीवर बोलतो, पाण्याच्या द्राक्षारसावर बोलतो. भोजनकारभाऱ्यावर कुणी बोलत नाही. पण पाहा, साऱ्या शुभवर्तमानांत चवीचा पारखी असा हा एकच मनुष्य. सहा दगडी रांजण, प्रत्येकी आजच्या मापाने ऐंशी ते एकशेवीस लिटरांचे. त्यांतला घोट त्याच्यापुढे आला आणि त्याने नाव न कळता चव घेतली. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली असावी तशी. त्याने निवाडाही अचूक दिला: नंतरचा आधीच्याहून उत्तम. तुलना होती आणि ती खरी होती. प्रभूने त्याच्या जिभेचा अपमान केला नाही. उलट त्या जिभेला पुरून उरेल असा द्राक्षारस दिला. चोखंदळपणाला पाप म्हणण्याची घाई करणाऱ्यांनी, आम्ही स्वतः त्यांत आलोच, हे ध्यानात घ्यावे की येशूने बेताचा, चालण्यासारखा द्राक्षारस केला नाही.

परंतु संत योहान तिथेच एक वाक्य घालतो. हा द्राक्षारस कुठून आला हे कारभाऱ्याला ठाऊक नव्हते; पाणी काढणाऱ्या चाकरांना ते ठाऊक होते. पारख्याला चव कळली, उगम कळला नाही. चाकरांना उगम कळला. त्यांनी तो चाखला की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. बायबलच्या वर्गात आम्ही हे वाक्य कित्येकदा शिकविले असेल. कटलेटची थाळी हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या त्या बाईपुढे उभे राहीपर्यंत त्याचा अर्थ आमच्या अंगावर आला नव्हता. दारू कुठून येते आणि कुठे जाते, हे त्या खोलीत तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. आणि सहा पेल्यांच्या त्या अभ्यासात तिची वही कुणी मागितली नव्हती.

मग तिला उत्तर काय? फरक आहे, असे आम्हांस वाटते. पण तो वास घेण्या-न घेण्यात नाही. संत इग्नेशियसने आपल्या आध्यात्मिक साधनेत खाण्यापिण्याचे जे नियम घालून दिले, त्यांत एक फार व्यवहारी आहे: पुढच्या जेवणाला किती घ्यायचे ते जेवण आटोपल्यावर, भूक नसताना ठरवावे आणि मग मोह झाला तरी त्यापलीकडे जाऊ नये, उलट मोह झालाच तर ठरविल्याहूनही कमी घ्यावे. आपल्या पारख्याला ही कसोटी लावून पाहावी. पुढची बाटली, पुढचा प्रदेश, पुढचे अधिक जुने पिंप, याची ओढ ज्याला थांबविता येते, एखादा पेला अर्धा ठेवून ज्याला उठता येते, तो अजून चव घेणारा आहे. ज्याला उठता येत नाही, त्याच्या वहीतली अक्षरे कितीही सुबक असोत, चव त्याला घेऊ लागलेली असते. शार्त्रूझ करणाऱ्या मठवाशांनी 2021 साली ठरविले की आता उत्पादन वाढवायचे नाही. जगभर मागणी असो, आम्ही आधी साधू आहोत, मग मद्य गाळणारे. दोन वर्षांनी ही बातमी बाहेर फुटली तेव्हा दुकानांतून बाटल्या दिसेनाशा झाल्या आणि व्यापारी हळहळले. मठाच्या घंटा मात्र ठरल्या वेळी वाजत राहिल्या.

पण ही कसोटी सर्वांना सारखी लागू पडत नाही आणि इथे आमच्या विचाराला खीळ बसते. आमचे एक सहकारी धर्मगुरू आहेत. त्यांना अर्ध्या पेल्याचे स्वातंत्र्य उरलेले नाही; एक थेंबही नाही. बिशपांच्या अनुमतीने ते वेदीवर आंबविणे थांबविलेला द्राक्षांचा रस वापरतात. अशी अनुमती देण्याची मोकळीक रोमने 2003 च्या पत्रकात स्पष्ट केली आहे. ते वांद्र्याच्या कृपा संस्थेच्या मार्गाने सावरले. फादर ज्यो परेरा यांनी ही संस्था 1981 साली माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने सुरू केली आणि व्यसनात अडकलेल्या किती घरांना तिने पुन्हा चूल पेटवून दिली ते आमचे वाचक जाणतात. आमच्या या सहकाऱ्यांना आम्ही त्या सायंकाळची हकिकत सांगितली. पाचव्या पेल्याच्या गमतीला ते मनापासून हसले. मग म्हणाले, "मला चवीची आठवण येत नाही. आठवण येते ती पेल्याच्या काठाला ओठ लागण्याआधीच्या क्षणाची." थोडे थांबून पुन्हा म्हणाले, "तुमच्या त्या मुलाला माझ्यावर हसू नका म्हणावं, आणि मीही त्याला वाईट म्हणणार नाही."

वयाची पंचविशी ओलांडलेला, परवाना घेतलेला, घरी चार मित्रांत बसून पेला अर्धा ठेवू शकणारा मनुष्य पाप करतो असे आम्ही वेदीवरून म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे कानाच्या रांजणांवर झाकण ठेवण्यासारखे. पण घर निराळे आणि सभागृह निराळे. घरात कोण येणार ते यजमान ठरवितो. धर्मग्रामाच्या सभागृहात कुणाला परके वाटेल असे काही करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आपल्या खाण्याने बंधूला अडखळण होत असेल तर ते खाणे सोडावे, असे करिंथकरांना लिहिणाऱ्या पौलाने मांस अपवित्र आहे असे म्हटलेले नाही. मांस शुद्धच होते. बंधू दुबळा होता. प्रश्न मांसाचा नव्हताच.

आम्ही त्या तरुणाला बोलावून हे सांगितले. तो नाराज झाला आणि ती नाराजी त्याने लपविली नाही. म्हणाला, "फादर, म्हणजे गुरुवारच्या लोकांसाठी शनिवारच्या लोकांनी घरी बसायचं?" आम्ही म्हटले, "होय, या एका बाबतीत." त्याला ते पूर्ण पटले असे आम्हांस वाटत नाही, आमचाही निर्णय चुकला नसेलच असे छातीठोकपणे आम्ही सांगत नाही. छपराला ताडपत्री घातली आहे. हाऊजीतून थोडी रक्कम आली, बाकीची यायची आहे.

मागच्या महिन्यात त्या घरी आजारी आजीला परमप्रसाद देण्यास गेलो होतो. फडताळात बाटल्या होत्या, दोन कमी झाल्या होत्या. तो म्हणाला की, बैठक पुन्हा झाली. या वेळी पेले चार, आणि आई टेबलाशी बसली होती. "ती काही घेत नाही," तो म्हणाला, "पण कागद तिनं गुंडाळले. कुठली बाटली कुठे, हे एकटीलाच माहीत." आईने आतून हाक मारली, "फादर, चहा झालाय, साखर नेहमीचीच ना?"